औषधातलं पाणी

मुलीच्या दम्याच्या औषधात मी पाणी घालत होतो. हे माझ्या बायकोला ठाऊक नव्हतं, आईला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांना तर नव्हतंच. ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळी उन्हाळ्यात मी हे केलं आणि त्याचा बोल बायकोला लागू दिला. पाणी घालणं ही चूक होती. बोल लागू दिला, त्याला नुसती चूक म्हणता येणार नाही. त्याला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही.

मी तेव्हा भूम तालुक्यात ईटजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचा सचिव होतो. सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करायचं, प्रत्येकाच्या दुधाची फॅट काढायची, कॅन भरून गाडीत चढवायचे. चारा नव्हता, म्हशी आटल्या होत्या, तरी रांग लागायची, कारण थोडं का होईना प्रत्येकाला दूध घालायचंच होतं. फॅट कमी लागली की भांडण माझ्याशी. गाडी उशिरा येऊन दूध नासलं की शिव्या मलाच. घरी जाईपर्यंत माझं डोकं तापलेलं असायचं.

मुलगी चार वर्षांची होती. तिला दमा होता. त्या वर्षी गावाबाहेर दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फुटत होती आणि तिची पांढरी धूळ घरात भांड्यांवरसुद्धा बसायची. चुलीत तुराट्या, त्यांचा धूर वेगळाच. धाप लागली की खेळता खेळता पोर थांबायची आणि म्हाताऱ्या बाईसारखी गुडघ्यांवर हात टेकून बसायची. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. तेव्हा ती रडतही नसे. रडायलाही श्वास लागतो.

बार्शीच्या लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला एक सरबत लिहून दिलं. म्हणाले, "हे रोज द्यायचं. अर्धा चमचा सकाळी, अर्धा संध्याकाळी. धाप असो नसो. बाटलीबरोबर आलेलाच चमचा, घरातला नाही. कमी पडलं तर दम उठेल. जास्त झालं तर उलट्या होतील, हात थरथरतील, छाती धडधडेल. आपल्या मनानं काही करू नका."

बायकोनं ते पाठच केलं. तो चमचा ती उकळत्या पाण्यातून काढून वेगळ्या पेल्यात झाकून ठेवायची. पोर तोंड घट्ट मिटून घ्यायची, मान फिरवायची, कधी सगळं अंगावर उडवायची. बायको तिला मांडीत धरून, गुळाचा खडा दाखवून, न रागावता ते पाजायची. मला हे एकदाही जमलं नाही. मी दोन मिनिटांत ओरडायचो. शिवाय दोन्ही वेळा माझी दूध गोळा करायचीच वेळ असायची, म्हणून ते काम तिचंच झालं.

महिनाभरात पोर धावायला लागली. आणि तिथूनच माझं बिघडलं.

रांगेत एक म्हातारे गृहस्थ रोज सगळ्यांत शेवटी यायचे आणि गप्पा मारत बसायचे. एकदा मला म्हणाले, "सचिव, लेक तर चांगली उड्या मारतीया. मग अजून औषध कशाला?"

"रोज द्या म्हणालेत डॉक्टर."

"रोज? एवढुशा जिवाला? माझ्या साडूच्या पोराला असंच दिलं. आता औषधाबिगर त्याला जिना चढवंना. सवय लागती."

दुसऱ्यानं कॅनचं झाकण लावता लावता भर घातली. "लेकराला म्हशीचं दूध सुदिक आपण पाणी घालून देतो. अन् हे बार्शीचं जालीम औषध तसंच पाजताय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे तान्ह्या लेकराला म्हशीचं दूध कोणी निरसं, घट्ट देत नाही. त्यात पाणी घालतात, उकळतात, मग देतात. जड असतं म्हणून. मी शिकलेला माणूस, पण मला त्यात अर्थ दिसला. औषध बंद करायचं धाडस नव्हतं आणि तसंच देत राहायची भीती वाटत होती. पाणी घातलं की दोन्ही साधतं असं मला वाटलं.

बाटली बार्शीहून मीच आणायचो. पुढची बाटली आणली तेव्हा संस्थेच्या खोलीत दार लावून अर्धं औषध मी दुसऱ्या बाटलीत ओतलं आणि दोन्ही बाटल्या उकळून गार केलेल्या पाण्यानं भरल्या. याच खोलीत सकाळी कुणाच्या दुधात पाणी निघालं तर मी चारचौघांत सांगत असे.

बायकोच्या ते लगेच ध्यानात आलं.

"हे पातळ लागतंय."

"कंपनीनं बदललं असंल."

"रंग बी फिकट हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं? दे मुकाट्यानं."

तिनं चमचा भरला.

थोड्याच दिवसांत पोरीला पुन्हा धाप लागायला लागली. आधी खेळताना, मग नुसतं बसल्याजागी. मी धुळीला दोष दिला, तुराट्यांना दिला, खडीच्या मुकादमाशी जाऊन भांडलोसुद्धा. आईनं सरळ सुनेला दोष दिला. बायको मध्यंतरी पोरीला घेऊन कळंबला माहेरी जाऊन आली होती, ते निमित्त मिळालं.

"माहेराहून आल्यापासनं हिचं ध्यान ठिकाणावर न्हाय," आई शेजारी राहणाऱ्या माझ्या चुलतीला ऐकवायची. "औषध पाजती का वतून देती, कुणाला ठावं."

"रोज पाजते, आत्याबाई. तुमच्या म्होरंच पाजते की."

"मग गुण का येईना?"

हाच प्रश्न मीही विचारायचो. हे लिहिताना मान खाली जाते. सगळं ठाऊक असताना मी संस्थेतून येऊन विचारायचो, "दिलं का औषध? वेळेवर दिलं का? सगळं पोटात गेलं का?" दिवसभराचा सगळा वैताग त्या प्रश्नात असायचा. निम्मं तरी औषध जातंय, मग बाकी चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार, असं मी स्वतःला पटवलं होतं. एका संध्याकाळी चुलती बसलेली असताना मी बायकोला म्हणालो, "एवढं एक काम सांगितलं, ते बी तुला नीट होईना." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ती भाकरीचं पीठ मळत राहिली.

शेवटी मला भीती वाटली. पोरीची नखं निळसर दिसली एकदा. चार दिवसांनी बाटली संपत आली तसा मी बार्शीला गेलो, नवी बाटली आणली आणि या वेळी तिच्यात काही घातलं नाही. घरी तशीच दिली. कुणाला काही सांगायला नको, आपोआप सगळं सुरळीत होईल, अशी माझी अटकळ. त्या दिवशी मी जरा खुशीतच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध मापत असताना चुलती पदर सावरत आली. "घरी चल. लेकरू कसं तरीच करतंय."

पोर ओकून ओकून पिवळी पडली होती. हात थरथरत होते. छातीवर हात ठेवला तर आत पाखरू फडफडावं तशी धडधड. दुधाच्या गाडीनं भूमपर्यंत आणि तिथून एसटीनं आम्ही बार्शी गाठली.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं, तिला आत झोपवायला सांगितलं आणि बायकोला विचारलं, "किती औषध देत होता?"

ती म्हणाली, "एक चमचा."

"मी अर्धा सांगितला होता."

"अर्ध्यानं गुण येत नव्हता. सगळे मला बोलत होते. चार-पाच दिवसांपूर्वी नखं निळी दिसली, तेव्हापासून मी एक देते."

तिनं हे मला सांगितलं नव्हतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. पातळ औषधाचा एक चमचा म्हणजे मूळचा अर्धाच होत होता, तिनं नकळत माझी चूक भरून काढली होती. आणि मी गुपचूप औषध घट्ट केल्यावर तोच चमचा दुप्पट झाला.

डॉक्टर तिला बोलले. फार वाईट नाही, पण बोलले. लेकरू आहे, प्रयोग करायचा नाही, म्हणाले. मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

ती पोरीजवळ गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "एक कळत नाही. चार-पाच दिवस एक चमचा देत होत्या, तर त्रास आजच का झाला? बहुतेक हे औषध हिला मानवत नाही. बंद करून दुसरं कडक काही तरी द्यावं लागेल."

तेव्हा मात्र मला सांगावं लागलं. माझ्या खोटेपणावर पोरीचा पुढचा इलाज ठरणार होता. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"करता काय तुम्ही?"

"दूध संस्थेत सचिव आहे."

"म्हणजे पाणी तुम्हाला ओळखता येतं." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "तुमच्या बायकोला मी उगाच बोललो. पाणी कुणी घातलं, हे त्यांना तुम्ही सांगायचं. औषध हेच राहील. अर्धा चमचा."

"सांगतो," मी म्हणालो.

पोर दोन दिवसांत सावरली. आम्ही घरी आलो. आईनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. बायकोनं खाली बघून सांगितलं, "माझ्याकडनं जास्त दिलं गेलं." तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिनं खरं सांगितलं. मी हातपाय धुवायला बाहेर गेलो.

आईनं ते गल्लीभर केलं. टँकरच्या रांगेत बाया बायकोकडे बघून कुजबुजायच्या. आणि बायकोनं औषधाला हात लावणं सोडलं. बाटली आणि चमच्याचा पेला तिनं माझ्यासमोर आणून ठेवला. "तुमी द्या, न्हायतर आत्याबाई देतील. मी न्हाय देणार. उद्या काय झालं तर मला वेशीवर टांगाल."

मला जमत नव्हतंच. सकाळी रांग, संध्याकाळी रांग. आई द्यायची, तिच्या मनाला येईल तेव्हा. पोर झोपलेली असली की "निजू द्या लेकराला," म्हणायची. खेळत असली की "आज बरी हाय, कशाला पाजायचं," म्हणायची. बाटलीबरोबरचा चमचा हरवला तर तिनं पोह्यांचा घेतला. मी ओरडलो की तीही ओरडायची. औषध आता निर्मळ होतं आणि तरी पोरीला धाप लागत होती.

एका संध्याकाळी मी घरी आलो तर आई पोरीच्या तोंडात जबरदस्तीनं चमचा घालत होती. औषध नाकातोंडातून बाहेर येत होतं. पोर खोकत, ओढत श्वास घेत होती. तिनं स्वयंपाकघराकडे हात केला. "आई, तू दे."

बायको दारात आली, उभी राहिली आणि परत आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

त्या रात्री मी काही बोललो नाही. एवढं बघूनही बोललो नाही. सकाळी संस्थेचं दार उघडलं, माणसं कॅन घेऊन उभी होती. मी पहिल्याच्या दुधात पाणी ओळखायचं मापक बुडवलं आणि मला ते धरवेना. "येतो जरा," म्हणालो.

"अहो सचिव, गाडी यायची वेळ झाली की," मागून कुणी तरी म्हणालं.

घरी आई आणि चुलती ओट्यावर ज्वारी निवडत बसल्या होत्या. बायको आत चुलीपुढे होती. मी उभ्यानंच म्हणालो, "आई, औषधात पाणी मी घालत होतो. हिचं काही चुकलेलं नाही."

आईनं मान वर केली नाही. "बायकूची बाजू घ्यायला आलास व्हय दूध टाकून?"

"खरं सांगतोय."

"तू शिकल्याला माणूस. औषधात पाणी घालशील तू?" ती चुलतीकडे बघून हसली. "बघ, कसं खोटं बोलाया लावलंय ह्याला."

तिला पटेना. माझा गुन्हा माझ्या पदरात पडेना. मग मला सगळंच सांगावं लागलं. खोलीचं दार कसं लावलं, अर्धं औषध कुठल्या बाटलीत ओतलं, पाणी कशात उकळलं, का घातलं. बायको पातळ लागतंय म्हणाली तेव्हा मी काय उत्तर दिलं. नवी बाटली न सांगता तशीच कशी आणली. सांगता सांगता चुलतीचा सुपातला हात थांबला. आईनं सूप खाली ठेवलं.

बायको दारात येऊन उभी होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं.

"मी म्हणलं होतं पातळ लागतंय," ती म्हणाली.

"म्हणाली होतीस."

"अन् रोज मला विचारत होता, दिलं का, दिलं का."

"हो."

"दवाखान्यात बी तुमी तिथंच हुबं होता. डॉक्टर मला बोलत होते तवा."

"तिथंच होतो."

ती थांबली. मला वाटलं आता ती आत जाईल. ती गेली नाही, माझ्याकडे बघत राहिली. आईसमोर, चुलतीसमोर मी तिला म्हणालो, "पाणी मी घातलं. तुला खोटं सांगितलं. आणि सगळे तुला बोलत होते तेव्हा मीही बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."