भंगजिरा आणि माझी काळी शेळी

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण हिरव्यातलं मला कळतं, हेही ठाऊक आहे. माहेर सांगोल्याकडचं, शेरडं-मेंढरं राखणारं. कुठला पाला जनावराला मानवतो आणि कुठल्यानं पोट फुगतं, हे मला अक्षरओळखीच्या आधी कळायला लागलं. लग्न होऊन सोलापुरात आले, गावाच्या कडेला चार खोल्या आणि मागं थोडी मोकळी जागा मिळाली, तर तिथंही मी एक शेळी बांधलीच. माझी आई गेली त्या वर्षी भावानं एक करडू आणून दिलं होतं. म्हणाला, "ताई, माह्यारचं काय तरी दारात असू दे." आत्ताची काळी शेळी त्या करडाची नात.

मुलगा कुर्डुवाडीला रेल्वेत आहे. त्यानं बायको केली ती थेट उत्तराखंडच्या डोंगरातली. पोरगी गुणाची. सहा महिन्यांत मराठी बोलायला लागली, वर्षात भाकरी थापायला लागली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा रुमालाच्या गाठीत मूठभर बी घेऊन आली. राखाडी, मोहरीएवढं. "भंगजिरा," म्हणाली आणि न्हाणीचं पाणी जातं त्या कडेला टाकून मोकळी झाली.

उगवलं ते बघून मला हसूच आलं. तुळस म्हणावं तर पान तळहाताएवढं, खालून जांभळट, कडा करवतीसारख्या. वास तर असा, की पुदिना आणि बडीशेप एकाच डब्यात विसरून गेल्यासारखा.

"हे खात्यात तुमच्याकडं?" मी विचारलं.

"हो आई. पानांची भजी, बियांची चटणी. पण शेळीला अजिबात द्यायचं नाही हं. आमच्याकडे गाई-म्हशींना यानं धाप लागते."

मला सणकून राग आला. शेळीचं मला ही सांगणार? माणूस खातं ते शेळीला चालत नाही म्हणे! मनात म्हटलं, झाडाचा पाला वाचवायची युक्ती आहे बाईची.

चटणीची गोष्ट मात्र कबूल करते. बी भाजून, हिरवी मिरची आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटलं, वर लिंबू पिळलं. आपल्या कारळ्याच्या चटणीची लांबची बहीण म्हणा. मी चव घेतली आणि म्हटलं, "बरी आहे, पण शेंगाच्या चटणीची सर न्हाय." दुपारी सगळे निजले की कडक भाकरीच्या तुकड्यावर तीच चटणी घेऊन मी ओट्यापाशी उभी. वाटी दर दुपारी थोडी थोडी खाली जायची आणि सून रोज संध्याकाळी न बोलता ती भरून ठेवायची. शहाणी पोर.

तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत भंगजिऱ्यानं आमचं घर काबीज केलं. बी गळायचं आणि जिथं ओल मिळेल तिथं उगवायचं. कोथिंबिरीच्या वाफ्यात तेच, फरशीच्या फटीत तेच. शेवटी तुळशीवृंदावनात तुळशीच्या मांडीला मांडी लावून उभं राहिलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. उपटावं तर सुनेचं माहेर उपटल्यासारखं दिसणार, म्हणून हात आवरला.

त्या वर्षी तिच्या भावाला मुलगा झाला म्हणून ती पंधरा दिवस माहेरी गेली. इकडे नवरात्र तोंडावर आलेलं. नवरात्राच्या आधी घर झाडून, पुसून, धुऊन काढायचं, ही आमच्याकडची रीत. मला आयतंच निमित्त मिळालं. पदर खोचला आणि एका सकाळी सगळं रान उपटून काढलं. फुलाच्या तुऱ्यावर आलेलं होतं. भला मोठा ढीग झाला.

आता खरी चूक सांगते. दुसऱ्या कुणी तो ढीग कचऱ्याच्या गाडीत टाकला असता आणि गोष्ट संपली असती. पण दुष्काळी मुलखातल्या बाईच्या हातून हिरवं फेकलं जात नाही. माझी आई बांधावरचं मूठभर तणसुद्धा पदरात घालून घरी आणायची. हिरवं टाकलं म्हणजे जनावराच्या तोंडचा घास काढला, हे अंगात मुरलेलं. मी पहिली पेंढी उचलली आणि शेळीपुढे टाकली.

शेळीनं हुंगलं, शिंकली आणि तोंड फिरवलं.

शहाण्या बाईनं तिथं थांबावं की नाही? मी म्हटलं, गाभण आहे, नखरे करतेय. तो पाला बारीक चिरला, ज्वारीच्या भरड्यात कालवला, वर मीठ आणि गुळाचा खडा. मग काय, चाटून पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. मी खूश! म्हटलं, येऊ दे सूनबाईला, दाखवते कुठं धाप लागलीय ती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागं गेले तर शेळी मान लांब करून उभी. तोंड उघडं, बरगड्या भात्यासारख्या वरखाली, श्वासागणिक कण्हणं. नेमकी त्याच वेळी दारात रिक्षा थांबली आणि सून उतरली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं वाफ्याकडे पाहिलं, मग शेळीकडे, मग माझ्याकडे. पायातली चप्पलही न काढता तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. काय खाल्लं ते सुनेनंच सांगितलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि मान हलवली. "फुफ्फुसात पाणी झालंय. इंजेक्शन देतो, पण खात्री देत नाही. हिला ओढू नका, हलवू नका, घाबरवू नका. सावलीत शांत उभी राहू दे. आता दमली तर गेलीच म्हणून समजा."

शांत! आणि मी! जन्मात मी कधी दोन घटका गप्प बसले नसेन. पण दोन दिवस त्या शेळीजवळ पोतं टाकून बसले. शिंक आली तरी पदरात दाबली. शेजारी सून. पाण्याची लोखंडी पाटी शेळीच्या तोंडाजवळ धरायची, परत ठेवायची. शेळी नुसती बघायची. मला आईची आठवण यायची आणि रडू फुटायचं, तेही आवाज न करता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावाकडून भाऊ आला. त्यानं शेळीची दशा पाहिली, कशानं झालं ते ऐकलं आणि त्याचा आवाज चढला. "कुणी घातलं गं हिला हे असलं?"

सून उठून उभी राहिली. हलक्या आवाजात म्हणाली, "मामा, झाड माझं आहे. मीच लावलं होतं."

खोटं काही बोलली नव्हती ती. मी गप्प राहिले असते तर भाऊ तेच धरून बसला असता आणि माझ्या माहेरात त्या पोरीच्या नावावर ही शेळी कायमची लागली असती. एक क्षण मला ते सोयीचंही वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं.

"तिनं न्हाय," मी म्हटलं. "मी घातलं. तिनं पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं, घालू नका म्हणून. शेळीनंबी तोंड फिरवलं व्हतं. मीच दोघींचं ऐकलं न्हाय."

भाऊ म्हणाला, "ताई, तू चुकलीस? तुझ्या तोंडनं? आता ही शेळी जगतीय बघ, एवढं नवल झाल्यावर मरती कशाला!" सून तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. मलाही हसू आवरेना, डोळ्यांत पाणी आणि हसू एकदमच.

त्या संध्याकाळी शेळीनं पाटीत तोंड घातलं आणि पाणी प्यायली. आठवड्यानं कडब्याला लागली. भंगजिऱ्याला आता गच्चीवर पत्र्याच्या डब्यांत जागा दिलीय, शेळीच्या तोंडापासून दूर. पाणी घालायला मीच वर जाते, गुडघे कुरकुरले तरी. भाऊ येतो तेव्हा चटणीची पुडी मागून नेतो.

दिवाळीनंतर शेळी व्याली. पाट झाली, म्हणजे मादी करडू, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आमच्यात अशी पाट लेकीच्या ओटीत घालतात. मला लेक नाही. मी ती ओली पाट पदरानं पुसली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली.

सून करडाच्या कानांवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "आई, हिला काय काय घालायचं नाही, ते मला नीट सांगा."

"ते तू सांगायचं," मी म्हटलं. "मी ऐकते."