मुलींच्या दारावरची भिंत

भाऊजी शाळेची भिंत उकरायला लागले, तेव्हापासून माझी दुपार तिकडे डबा पोचवण्यात जाते. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. जन्मभर गवंडीकाम केलं, लग्न नाही केलं. म्हणायचे, "वहिनी, विटा मुकाट ऐकून घेतात. बायको थोडीच घेणार?"

शाळा व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. लाल विटा, टोकदार कमानी, वर घंटेचा मनोरा. खिडक्या इतक्या उंच की बाकावरून नुसतं आभाळ दिसावं. मुलग्यांचं दार वेगळं, मुलींचं वेगळं. मुलींच्या दारावरची भिंत भाऊजींची लाडकी. विटांमधला जुना चुना नखानंसुद्धा निघत होता, म्हणून तरुणपणी 'एकदाच काय ते पक्कं करून टाकू' असं म्हणत त्यांनी सगळ्या फटींत सिमेंट भरलं. तेव्हा जो तो पाठ थोपटत होता.

तिथेच घोळ झाला. चुना विटेतलं पाणी बाहेर जाऊ देतो, सिमेंटनं ते आत कोंडलं. विटांचे पापुद्रे सुटायला लागले. एक ढलपी दाराशी पडली, तेव्हा मोठ्या बाईंनी दार बंद केलं आणि भिंत पाडायचं ठरलं. भाऊजींनी सुट्टीभराची मुदत मागून घेतली. सिमेंट काढतो, चुना भरतो, भिंत वाचवतो म्हणाले.

आज मी गेले तर भाऊजी परांचीवर पाठमोरे बसलेले.

"जेवताय, की विटाच खाताय?" मी खालून ओरडले.

"इकडे बघा," एवढंच म्हणाले. छिन्नीवर हलकेच ठोका दिला. सिमेंटची पट्टी निघाली, तिच्याबरोबर दोन्ही विटांच्या कडाही आल्या. आत नुसता ओला लाल भुगा.

"सगळीकडे असंच?"

"सगळीकडे. माझं सिमेंट तेवढं धड आहे."

"जरा हळू ठोकून बघा ना. मी रोज देवाला सांगतेय."

"त्याला कशाला मध्ये घालता, वहिनी? त्यानं चुना दिला होता."



भाऊजी खाली उतरले, तसेच मोठ्या बाईंकडे गेले. "पाडा," म्हणाले, "आणि पोरींना लांब ठेवा." बाईंनी नुसती मान हलवली.

मग भाऊजींनी नळावर हात धुतले, दोन घास खाल्ले आणि डब्याला झाकण लावलं.

"उद्यापासून डबा नका आणू."

छिन्नी वरच राहिली होती. मी आठवण केली.

"राहू दे," म्हणाले.