पिशवी काढायला किती घ्याल?

एकाच शस्त्रक्रियेसाठी पनवेल परिसरातले दोन दवाखाने इतके वेगळे दर का सांगतात, आणि त्यांतला कमी दर निवडल्याने आजारी कुत्रीच्या जिवाला असलेला धोका वाढतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हे लिहीत आहे. हा प्रश्न मला सोनोग्राफीच्या टेबलाजवळ पडला. टेबलावर आमची आठ वर्षांची गुंडी आडवी होती. तिच्या पोटावरचे केस काढलेले होते आणि पडद्यावर काळ्या, फुगीर नळ्या दिसत होत्या.

"हा सगळा पू आहे," नवीन पनवेलच्या डॉक्टर म्हणाल्या. "पायोमेट्रा. गर्भाशयाचं तोंड बंद आहे, त्यामुळे पू बाहेर यायला वाटच नाही. आजच्या आज गर्भाशय काढायला हवं."

पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊन पू साठणे. नसबंदी न केलेल्या, वय झालेल्या कुत्रीला माज संपल्यावर काही आठवड्यांत तो होऊ शकतो. तोंड उघडे असेल तर स्राव दिसतो आणि मालक सावध होतात. तोंड बंद असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही.

आमच्या घरी दिसले ते एवढेच, की गुंडी वाडग्यामागून वाडगे पाणी पीत होती. उन्हाळा आहे म्हणून पिते, असे आम्ही धरून चाललो. मग पोट गोल दिसू लागले. "जाड झालीये. तुझ्या तूप लावलेल्या पोळ्या," माझे पती म्हणाले. तिने पोळीकडे पाठ फिरवली आणि दोनदा उलटी केली, तेव्हा आम्ही दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी खर्च सांगितला: रक्ततपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, सलाइन आणि दोन दिवसांचा मुक्काम मिळून पस्तीस हजार. शस्त्रक्रियेआधी काही वेळ सलाइन आणि प्रतिजैविके द्यावी लागणार होती. "तेवढ्यात ठरवा," त्या म्हणाल्या. "पण उद्यावर नेऊ नका. पिशवी फुटली तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही."

एका मोजमापावरून निष्कर्ष काढू नये, असे मी गणिताच्या वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. त्याच सवयीने व्हरांड्यात उभे राहून मी कळंबोलीच्या एका दवाखान्यात फोन लावला आणि विचारले, "कुत्रीची पिशवी काढायला किती घ्याल?"

"बारा हजार. आत्ता आणलीत तर आजच करू."

पेन्शनवर चालणाऱ्या घरात हा फरक लहान नव्हता. पती लगेच म्हणाले, "अगं, तीच पिशवी, तेच टाके. इथे काय सोन्याच्या दोऱ्याने शिवतात?"

"अहो, पण रस्त्यात तिला काही झालं तर?"

"कळंबोली काय काशीला आहे?"

डॉक्टरांनी अडवले नाही. सलाइनची सुई गुंडीच्या पायात तशीच ठेवली, रिपोर्ट हातात दिला आणि तिचा ओठ वर करून दाखवले. "हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा झालेला ठिपका लगेच गुलाबी व्हायला हवा. उशीर लागला, तर रक्ताभिसरण कमी पडतंय असं समजा."

आमच्या शेजारचे धर्मादादा टेम्पो चालवतात; त्यांची मुलगी माझ्या हाताखाली शिकली. ते टेम्पो घेऊन आले. पस्तीस हजार ऐकून म्हणाले, "बाई, तेवढ्यात म्हस येईल. आनि ती दूध पन देईल."

"म्हैस दारात कोण बांधणार? आता चला," पती म्हणाले.

लोखंड भरलेल्या ट्रेलरांच्या रांगेत आम्ही अडकलो. मी मागे गुंडीचे डोके मांडीवर घेऊन बसले होते. हिरडी दाबली. ठिपका पांढरा झाला आणि पांढराच राहिला. मग सावकाश गुलाबी झाला. थोड्या वेळाने पुन्हा दाबली. या वेळी त्याहून सावकाश.  पुढे बसलेल्या पतींनी आरशात पाहिले.

"दादा, वाट नाही का दुसरी?" त्यांनी धर्मादादांना विचारले.

"हाय ना. पन धरून बसा." धर्मादादांनी टेम्पो सेवारस्त्यावर उतरवला.

कळंबोलीच्या डॉक्टरांनी गुंडीला टेम्पोतून उतरवूही दिले नाही. तिथेच चढून त्यांनी पोट चाचपले, रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे पाहिले. "मॅडम, फोनवर तुम्ही काय विचारलंत?"

"पिशवी काढायला किती घ्याल."

"मी निरोगी कुत्रीच्या नसबंदीचा दर सांगितला. पिशवी तिथेही काढतात, पण ती पेन्सिलीएवढी असते. ही बघा, पोटात मावत नाहीये."

"मग हिचे किती? तिकडे पस्तीस हजार म्हणालेत," पतींनी विचारले.

"तीस-बत्तीस. म्हणजे जवळपास तेवढेच. शिवाय रात्री माझ्याकडे लक्ष ठेवायला माणूस नसतो, आणि हिला रात्रभर माणूस लागेल. तिकडे सलाइन सुरू केलंय ना? तिथेच न्या. मी त्यांना फोन करतो, टेबल तयार ठेवतील."

परतीच्या वाटेवर पती मागे येऊन बसले. त्यांनी गुंडीच्या अंगावर स्वतःचा पंचा टाकला आणि कोणी विचारलेले नसताना म्हणाले, "शब्द तर बरोबरच होता."

शब्द बरोबर होता. गर्भाशयाला आपल्याकडे पिशवीच म्हणतात. पण त्या शब्दात अवयव होता, आजार नव्हता.

नवीन पनवेलला शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार बंद झाले आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मध्ये डॉक्टर एकदा बाहेर आल्या. "रक्तदाब उतरतोय. औषध देतेय. वेळ लागेल," असे म्हणून आत गेल्या. 

शेवटी त्यांनी आम्हाला आत बोलावले. स्टीलच्या ट्रेमध्ये गर्भाशय होते: भरलेल्या जाड पडवळांसारख्या दोन नळ्या. "भिंत अगदी पातळ झाली होती," त्या म्हणाल्या. "पण फुटली नव्हती."

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम सांगणारी रक्तातली तपासणी, वाढलेले आले होते. ते उतरते का, यावर पुढचे सगळे अवलंबून होते. दुसऱ्या दिवशी ते थोडे उतरले. डॉक्टरांनी आपणहून दुसरा मुक्काम रद्द केला, रोज येऊन सलाइन घेण्याची मुभा दिली आणि तेवढी रक्कम बिलातून कमी केली. गुंडीने चाटून चाटून भाताची पेज संपवली. धर्मादादा तिला बघायला आले, तेव्हा ती त्यांच्यावर गुरगुरली.

"घ्या. हिच्यापायी आख्खा धंदा बुडवला, आनि वळख नाय," ते म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

दोन्ही डॉक्टरांचे ऋण मी मानते. विशेषतः हाती आलेले काम परत पाठवणाऱ्या कळंबोलीच्या डॉक्टरांचे. आता मूळ प्रश्नाकडे येते. आजाराचे नाव घेऊन विचारल्यावर दोन दरांतला फरक थोडाच उरला, आणि तो मुख्यतः रात्री जागणाऱ्या माणसाचा होता. आमच्या बाबतीत तो खर्च अनावश्यक नव्हता; दुसरा मुक्काम अनावश्यक ठरला. धोका कमी दराने वाढला नाही, तो माझ्या अपुऱ्या प्रश्नाने आणि त्यासाठी घातलेल्या फेरीने वाढला. आणि बारा हजार हा खोटा दर नव्हताच. गुंडी धडधाकट होती तेव्हाच नसबंदीसाठी आम्ही द्यायला हवा होता, असा तो दर होता.

म्हणून दर विचारताना आजाराचे नाव, कुत्रीचे वय आणि वजन सांगावे. शक्य असल्यास आधी रिपोर्ट फोनवर पाठवावा. भूल, तपासण्या आणि रात्रीची देखरेख त्यात धरली आहे का, हे विचारावे. रुग्णाला घेऊन फिरू नये.

हे आकडे एका कुत्रीचे आणि दोन दवाखान्यांचे आहेत. माझ्या शब्दावर विसंबू नका. आपल्या जवळच्या दवाखान्यांत स्वतः विचारून पडताळा घ्या, आणि कुत्री निरोगी असतानाच घ्या.