चकवा, चीक आणि उलटा सदरा

फैजपुरात आजही सांगतात की मला केळीच्या बागेत चकवा लागला. सांगणारे सगळे त्या दिवशी बांधावर उभे होते आणि बागेत एकटा मी होतो. तेव्हा माझीच हकीकत प्रमाण मानावी.

शेजारच्या अक्कांच्या बागेतले घड त्याच दिवशी कापणे भाग होते. ट्रक येऊन उभा होता; आणखी थांबले असते तर वर्षाचा माल झाडावरच पिकून गेला असता. पण कापणीच्या टोळीतले दोघे आत फिरून तिसऱ्यांदा एकाच पडलेल्या खोडापाशी आले आणि मुकादम बांधावर बसला.

"आबा, तठी चकवा हाये. आम्ही नाही जात."

मी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवले. म्हणालो, "अरे, चकवा तुमच्या पायांत आहे!" खूण दिसत नसेल तर माणूस सरळ चालूच शकत नाही. पावलापावलाची बारीक चूक साचते आणि वाट वळते. तापीकाठच्या मोकळ्या रानात, रस्ते नव्हते तेव्हा, रात्री हेच घडत असणार. म्हणून तर जुन्या गोष्टींत चकव्यावर उपाय सांगितला आहे की उजाडेपर्यंत बसून राहावे. आपले पूर्वज चांगले निरीक्षक होते. इथे तर खोडांच्या बुडाशी फुटलेल्या पिलांनी ओळी मोडलेल्या आणि सूर्य माथ्यावर, पानांआड.

हे दाखवायला मी आत शिरलो आणि पाऊण तासाने शिरलो तिथूनच बाहेर आलो. टोळी खदखदून हसली. माझा सिद्धान्त सिद्ध झाला होता, पण ऐकतो कोण!

मग मी पाचोळा सारून ठिबकची नळी शोधली आणि तिच्या मागाने थेट पलीकडच्या बांधावर बाहेर पडलो. जाण्यापूर्वी सदरा तेवढा उलटा घातला होता. केळीच्या चिकाचा डाग जन्मात निघत नाही आणि सदरा सुनेने घेतलेला, नवा. चकवा सोडवायलाही लोक कपडे उलटे घालतात, हे मात्र मी साफ विसरलो.

"पाह्यलं? सदरा उलटा केला अन् चकव्यानं सोडलं!" मुकादम ओरडला.

"खोटे! एकाने सुलट्या सदऱ्याने नळी धरून जावे, आत्ता निकाल लागतो."

"तुम्हीच जा, आबा."

"भाऊ," अक्का मला म्हणाल्या, "पह्यले माहे घड निघू द्या, मंग भांडा."

सगळ्या टोळीने सदरे उलटे केले, नळ्या उकरल्या आणि ती आत शिरली. पहिला घड खांद्यावरून बाहेर आला तेव्हा अक्का मोठ्याने हसल्या. वाट सदऱ्याने नव्हे, नळीने दाखवली, हे माझे उत्तर ओठांवर तयार होते. ते गिळून मी ट्रकमध्ये चढलो आणि घडांखाली पाला अंथरू लागलो.