चौकटीवरची रेघ

आमचे हे चाकणच्या कंपनीत पार्टची मापं तपासतात. केसभर फरक असला तरी माल बाजूला. घरीही तोच खाक्या. दर पाडव्याला लेकीला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करायचं, स्टीलच्या टेपने उंची मोजायची आणि पेन्सिलीने रेघ मारायची. गेल्या वर्षी नवी रेघ जुनीच्या फारशी वर गेली नाही आणि यांचा चेहरा उतरला.

लेकीला दमा आहे. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेला पंप ती रोज घ्यायची. त्यात लातूरहून माझ्या थोरल्या नणंदेचा फोन आला, "त्या पंपात स्टेरॉइड असतंय म्हणं. पोरगी ठेंगणी राहील तुझी, सांगून ठेवते." झालं! यांनी पंप कपाटात टाकला. मी भांडभांड भांडले, पण बहिणीच्या शब्दापुढे माझं कोण ऐकतो!

लेक शाळेच्या संघात कबड्डी खेळते. चढाई तिचीच. थोड्याच दिवसांत, चिंचवडच्या मैदानावर, कबड्डी-कबड्डी म्हणता म्हणता ती मधेच खाली बसली. छातीतून शिट्टी वाजत होती. तशीच उचलून तिला दवाखान्यात नेलं. हेही कंपनीतून धावत तिथे आले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत आणि त्यांनी खोटा धीरही दिला नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. म्हणाल्या, "या औषधाने उंची थोडी कमी भरू शकते, फार तर सेंटिमीटरभर. म्हणून लागेल तेवढाच डोस देऊ, उंचीवर लक्ष ठेवू. पण दमा मोकाट सुटला तर वाढही खुंटते आणि जिवावरही बेततं."

हे दचकले. "सेंटिमीटर? मॅडम, आमच्याकडे एवढ्यावर अख्खा लॉट रिजेक्ट होतो!"

लेकीने तोंडावरचा वाफेचा मास्क बाजूला केला. "पप्पा, मग मला रिजेक्ट करणार?"

घरी येताच यांनी कपाटातला पंप काढून तिच्या हातात दिला. तेव्हापासून ती न सांगता पंप घेते, चूळ भरते आणि पळते. एवढीशी पोर, पण मला तिचा अभिमान वाटतो.

यंदा पाडव्याला ती पुन्हा चौकटीला उभी राहिली. यांनी टेप लावली, रेघ मारली आणि हे म्हणाले, "आता चढाई दाखव."

ती कबड्डी-कबड्डी करत घरभर फिरली. कढईतल्या माझ्या पुऱ्या करपल्या, तरी तिचा दम तुटेना. आकडा किती आला, ते बघायचं आम्ही दोघंही विसरलो.