मिस्त्रींचा फोटो बंद झाला

"खोलून पाहू," असं म्हणत आमचे मिस्त्री आधी बाह्या सरसावायचे आणि मगच तुमचं ऐकायचे. हिंगोलीच्या एसटी डेपोत ते मेकॅनिक, मी कारकून. राहायला एकाच गल्लीत. कुणाचा पंखा असो की रेडिओ, अगदी धडधाकट चालणारा, त्यांच्या हाती पडला की सुटा झालाच म्हणून समजा. पण माणूस इतका गोड की रागवायचं कुणावर?

नोकरीत असतानाच त्यांच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली. मग ठरावीक मुदतीनं सीटी स्कॅन. त्याला ते 'मोठा फोटो' म्हणायचे आणि त्याच्यावर बेहद्द खूश असायचे.

"न खोलता आतलं दिसते, भाऊ. अशी मशीन डेपोत पायजे व्हती."

पाच वर्षं अशी गेली. मग एकदा ते नांदेडहून आले आणि खाटेवर जे पडले ते उठेचनात. त्यांच्या बायकोनं मला बोलावून घेतलं.

"डॉक्टरनं फोटो बंद केला," मिस्त्री म्हणाले. "म्हणला, आता गरज न्हाई, घरी जा, वाटंल ते खा."

"मग चांगलंच झालं की."

"तुमी डेपोत एवढे दिवस काय पाहून राहिले? तपासणी कोन्त्या गाडीची बंद व्हते? भंगारात काढायच्या."

मला हसू आलं, पण धास्तीही वाटली. 'घरी न्या, मागेल ते खाऊ घाला' असं डॉक्टर कुणाला सांगतात, हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? दुसऱ्या दिवशी लेकी आल्या. पुसेगावची तर लेकराला काखेत घेऊन दारातूनच रडत आली.

मी त्यांना ओढतच पुन्हा नांदेडला नेलं. डॉक्टर चक्रावले.

"अहो, आजाराचा मागमूस नाही म्हणून स्कॅन थांबवला. पोट दुखलं, वजन घटलं, रक्त पडलं तर लगेच या. पण उगाच किरणं कशाला घ्यायची? आणि स्कॅनमध्ये एखादा निरुपद्रवी ठिपका दिसला, तर त्याच्यापायी तपासणीच्या सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

मिस्त्रींना पटेना. मी वैतागलो. "मिस्त्री, चालू इंजिन उगाच खोललं तर काय होतं?"

"न बिघडलेलं बिघडते," ते लगेच म्हणाले. मग हळूच डॉक्टरांना विचारलं, "म्हंजे गाडी रूटवर हाय?"

"आहे," डॉक्टर म्हणाले.

जिन्यात त्यांनी माझा हात धरला आणि ते हमसून हमसून रडले. मलाही आवरलं नाही. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू.

स्टँडकडे जाताना ते एका कापडदुकानात शिरले. आजारपणापासून त्यांनी अंगाला नवं कापड घेतलं नव्हतं, "कोन घालनार?" म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी लोकरीचा स्वेटर मागितला. बाहेर वैशाखाचं ऊन. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं आणि माळ्यावरून गठ्ठा काढला.

"आत्ता काहून, मिस्त्री?" मी विचारलं.

"हिवाळ्यात लागंल," ते म्हणाले.

मिस्त्री गेले ते पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणानं. तोवर त्या स्वेटरची कोपरं पार विरून गेली होती.