रंगाऱ्याचा सदरा

भर उन्हात भिंती रंगवतानाही रंगारी अंगातला सदरा काही काढायचा नाही, म्हणून सोबती त्याला नवरीबाई म्हणायचे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तो काढायलाच लावला.

“दारूनंच छाती अशी बाईसारखी सुटलीये,” बायको म्हणाली.

“आधी काय आलं, छाती की दारू?” बाईंनी विचारलं.

रंगारी शरमेनं अर्धा झाला. “छाती. शाळेतच पोरं हसायची. ते विसरायला प्यायला लागलो.”

रक्ताच्या तपासणीत कळलं, की जन्मापासूनच त्याच्यात एक गुणसूत्र जास्त होतं. त्यामुळे पुरुषी हार्मोन कमी पडत होतं आणि मूल न होण्याचं कारणही तेच होतं.

बायकोची मान खाली गेली. “बाटलीपायी पाळणा हलला नाही, असं मी चारचौघांत बोलत आले हो!”

“बोललीस ते बरंच झालं,” रंगारी पुटपुटला. “बेवडा म्हणवून घ्यायची नामर्द म्हणवून घेण्याएवढी लाज वाटत नव्हती.”